फेस

श्रीवर्धनच्या लॅबमध्ये
राघो चोगले बाटली पुढं करतो.
"सकाळी फेस येतो, होडीमागं येतो तसा.
पण विरत नाही."

मी पावतीच्या मागं मूत्रपिंड काढते.
आत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता;
यायची वाट रुंद, जायची अरुंद,
म्हणून दाब.
"डोलच की ही," तो म्हणतो,
"ओहोटीच्या तोंडाशी लावलेली."

हो. पाणी गाळून पलीकडे जातं,
मीठ जातं, साखर, युरियाही.
लाल पेशी अडतात. प्रथिनं अडतात.
दिवसाला एकशेऐंशी लिटर.

"एवढं मुततं कोण?"

कोणीच नाही. पुढच्या नळीत शरीर
जवळजवळ सगळं परत उचलून घेतं,
दीडेक लिटर सोडतं.

यावर तो गप्प.
चाळीस वर्षांत जाळ्यातून निसटलेलं
त्याला कधी परत मिळालं नाही.

मी पट्टी बुडवते.
पिवळा चौकोन हिरवा होत जातो.

सांगायच्या आधीच
त्याचा अंगठा हवेत
जाळ्याचा एक आस चाचपतो, फाटका,
आणि दुसरा हात
खिशात दोरा शोधू लागतो.