पासंग

सोहारच्या सनाय्यात, दुपारी साडेबाराला,
पत्र्याखालची हवा तेलासारखी जड, तेव्हा
खलफान आला. बंदरावर क्रेन चालवतो,
सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे पळतो.
त्याची मोटारसायकल म्हणजे उभी केलेली म्हैस.
टेबलावर पिशवी ठेवली: काचेचे मणी,
खसखशीहून जरा मोठे.
"शिसं नको. हे घाल टायरात.
आपोआप जागा शोधतात."

मुनाफ वांगडे हसला. मंडणगडचा.
एकोणीस वर्षं टायर चढवतोय,
आपोआप होणारं त्याला काहीच पटत नाही.
"मण्यांनी चाक सरळ होत असेल
तर तसबी ओढून मी का नाही झालो?"
म्हणाला, आणि लगेच तौबा केली.

तीस ग्रॅम. वॉल्वच्या भोकातून, नळीनं,
चिमूट चिमूट.
चाक स्टँडवर चढवून कान लावला:
पडवीत कुणी तांदूळ पाखडतंय.
थांबवलं, तर सगळे तळाशी, गप्प,
मागच्या बाकावरच्या पोरांसारखे.
स्टँडवर ते काही करतच नाहीत.
आस घट्ट धरलेला असतो ना.
चाकाला थरथरायची मुभाच नसेल
तर त्यांना कळावं कसं
जड बाजू कुठली?

खलफान वादी जिझीच्या रस्त्यानं बुरैमीला गेला.
रात्री फोन: "एकशे दहाला
हँडलवर फिंजान ठेव, कहवा सांडायचा नाही!"
मुनाफ पाव मोडता मोडता म्हणाला,
"टायरही नवाच टाकला ना आपण?
जुना चौकोनी झाला होता.
आता सांग, कहवा कुणी सांभाळला?"

मला आमच्या दादांचा तराजू आठवला.
देवरूखच्या बाजारात सुकी मिरची.
पारडी मुळात सारखी नव्हती, म्हणून
हलक्या बाजूला दोऱ्यानं बांधलेला एक खडा,
पासंग.
गिऱ्हाईक आलं की आधी रिकामा तराजू उचलून दाखवायचे.
एकदा दोरा तुटला, खडा गटारात.
दिवसभर दादांनी करंगळीनं तोललं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
रात्री त्यांना जेवण गेलं नाही, एवढंच.

ऑगस्टात खलफानचं चाक पुन्हा माझ्यापुढे,
खिळा घेऊन आलेलं.
टायर सोडवला. मणी कुठले!
पावसाळी साखरेसारखा एक गोळा, एका जागी चिकटलेला.
समुद्राची दमट हवा कॉम्प्रेसरच्या टाकीत,
टाकीचं पाणी चाकात.
ते पाणी रोज काढायचं काम माझं.

"हँडल हलत होतं का रे?"
खलफान विचारात पडला.
"हलत होतं. म्हणजे...
नाही, रस्ताच खराब होता."

खाली वाकून टाकीचा कॉक उघडला.
काळं पाणी फुसफुसत आलं, आलं, येतच राहिलं.
मग रिम पुसली, टायर चढवला, हवा भरली,
स्टँडवर फिरवून जड बाजू शोधली,
समोर, आतल्या कडेला, दिसणार नाही असं
पंधरा ग्रॅम शिसं दाबून बसवलं.
नंतर नवे मणी, कोरडे, तीस ग्रॅम,
खलफानच्या डोळ्यांदेखत.
बिलात शिसं लावलं नाही.

रात्री फोन वाजला. "पाहिलंस?"
"पाहिलं," मी म्हणालो.

समोरच्या खाटेवरून मुनाफनं
माझ्याकडे पाहिलं,
काही बोलला नाही,
रिकामे दोन्ही तळवे वर धरले
आणि हळूहळू
एकाच पातळीवर आणले.