शंभर पाणी

सावळजच्या बेदाणा शेडवर
घड द्रावणात बुडवून काढायचं काम शालनचं.
मण्याची साल सैल होते, पाणी उडतं,
पंधरवड्यात जाळीवर हिरवा बेदाणा.
द्रावणाला काय कळतं, साल कुणाची.

बोटांच्या बेचक्यांत लालभडक.
सकाळी गोधडीवर ठिपके.
मी म्हणालो, सोड ते काम.
ती म्हणाली, आणि हप्ता?
तिथून बोलणं बंद.

कडुलिंबाचं पाणी केलं. कोरफड चिरून बांधली.
हळद तर आमच्या सांगलीची, पेठेत पोत्यांनी उतरते;
ती लावल्यावर शालन दारापर्यंत पळाली.

मिरजेचा यासीनभाई काष्ठौषधीवाला
चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
"चिरलंय ते. पाला नको आता. तूप धुवा.
गाईचं, तांब्याच्या ताटात, शंभर पाण्यांनी."
पैसे घेतले नाहीत,
विकण्यासारखं त्यानं काही सांगितलंच नव्हतं.

जेवणं उरकल्यावर बसलो.
पाणी ओतायचं, तळव्यानं तूप फिरवायचं,
पाणी सांडायचं.
दर पाण्याला एक बेदाणा बाजूला.
तिसाव्याला पिवळेपण फिकं झालं.
साठीच्या पुढं कुठंतरी तुपाचा वास गेला,
आणि चार दिवस पोरामार्फत बोलणारी शालन
म्हणाली, "हळू की. उडतंय."

बघतो तर बेदाणे अकराच.
पोरगं भिंतीकडं तोंड करून चावतंय.
"ऐंशी झाली असतील."
"छे! सत्तर."
सौद्यासारखी घासाघीस,
पंच्याहत्तरला तुटलं.

ताटात शेवटी जे उरलं
ते लोण्याहून पांढरं, विहिरीसारखं गार.
तिनं करंगळीनं उचललं, बेचक्यांत भरलं,
तळवे वर करून झोपली.
खाजवल्याचा आवाज येतो का
ते ऐकत मी जागा.

तिसऱ्या दिवशी डबी शेडवर गेली.
शनिवारी रिकामी आली,
सोबत फडक्यांनी बांधलेल्या पाच वाट्या:
रखमाक्काची, मुमताजची, कवठ्याच्या दोघी जावांची.
पाचवीत डालडा.
"हा वेगळा ठेवू?"
"ओत त्यातच. तिच्याकडं तेवढंच असंल."

आज मोजायला द्राक्षाचे देठ घेतलेत.
देठ कुणी खात नाही.