फुंकर

वानाद्झोरला, उणे अकरात,
साथेनिक गाडीखाली सरपटते.
सत्त्याऐंशीची निवा. बापाची.

गार असताना टिक् टिक् टिक्,
तापली की गप्प,
डॉक्टरपुढे बसल्यावर दुखणं पळावं तशी.

सायलेन्सरच्या तोंडात ओला बोळा कोंबून
ती तळवा फिरवते पाइपवर, न टेकवता.
इथे? नाही.
इथे.
तळव्यावर फुंकर,
जोडाशी काजळीचा छोटा पंखा.

जुनी पट्टी सोडवताना बोल्ट तुटतो.
ती रशियनमध्ये शिवी हासडते;
बापाने शिव्या त्याच भाषेत शिकवलेल्या.
मग जर्दाळूच्या डब्याचा पत्रा कापून
गुंडाळते, वर दोन क्लॅम्प.
महिनाभर टिकेल. फार तर दोन.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना
गाडी फाटकात वळते, मुकाट,
आणि म्हातारा कुत्रा
कधी नव्हे तो
तिच्यावर भुंकत सुटतो.