अकरा हजारांत

भिशी लागली तेव्हा वैजयंता म्हणाली,
अकरा हजार. वर रुपया गेला
तर त्या गाडीवरच झोपायचं.
मी वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला
आणि वर श्री लिहायचं विसरलो.

सांगाडा जुन्या बाजारात मिळाला, बुधवारी,
इस्त्र्या आणि पंख्यांच्या ढिगाखाली.
विकणारा म्हणाला राजदूत,
शेजारचा म्हणाला येझदी.
कागद होते, चहा सांडलेले, पण होते.
तोलताना त्याने तराजूवर अंगठा ठेवला.
मी तो बघितला,
आणि मी बघितला हे त्याने बघितलं.
शंभर कमी झाले.

इंजिन नाना पेठेतलं.
मुनाफने ते पोत्यात गुंडाळून दिलं, आजारी मांजरासारखं.
पिस्टन जिवंत आहे, म्हणाला, बाकी तुमचं नशीब.
बसमध्ये कंडक्टरने विचारलं, काय आहे?
म्हटलं, इंजिन.
त्याने न हसता
त्याचंही तिकीट फाडलं.

दापोडीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.
खाली तीन रिक्षा आणि एक पाण्याची टाकी,
म्हणून काम गॅलरीत, तुळशीला थोडं सरकवून.
कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजत ठेवला
श्रीखंडाच्या डब्यात.
पोराने झाकण उघडून वास घेतला
आणि आईला हाक मारली, हे आंबलंय.

भोसरीत दुसऱ्या पाळीला
साहेब चहाला गेला की मी लेथवर बुश वळायचो.
चौथ्याला सापडलो.
त्याने व्हर्निअर लावला, चष्मा कपाळावर नेला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, दोन शतांश जास्त आहे.
पुन्हा कर.

टाकीचा पोचा काढायला तांबट आळीत गेलो.
म्हातारा बंब ठोकत होता.
यात पाणी तापवायचंय?
नाही.
मग चुकीच्या दारात आलात, म्हणाला,
आणि हात पुढे केला टाकी घ्यायला.

पॉलिश पेपर मारत बसलो रात्री.
काळ्याखाली लाल. लालखाली हिरवा, बसस्टँडचा असतो तसला.
हिरव्याखाली ब्रशने काढलेलं, थोडं तिरकं:
सुलभा.
बायको असेल कुणाची, मुलगी असेल,
नाहीतर वॉशिंग पावडर.
मी हात थांबवला.
वैजयंता मागे उभी होती, कपडे वाळत घालताना.
राहू दे तिचं नाव, म्हणाली.
सीट मात्र मी करणार.

रिक्षाचं उरलेलं रेक्झिन, जुन्या गादीचा फोम.
तिच्या मशिनीच्या दोन सुया मोडल्या.
वहीत तिच्या अक्षरात ओळ आली:
सुया, दहा रुपये.
मला विचारलंही नाही.

एकतिसाव्या किकला गाडी सुरू झाली.
रविवार, दुपारचे अडीच.
सगळ्या मजल्यांवरची भांडी वाजली.
खालचे पाठारे काका बनियनवर धावत आले
आणि ओरडायचं सोडून
सायलेन्सरला हात लावून बसले. भाजला.

तेव्हा कुठे लक्षात आलं, जिना.
वळणावर अडीच फूट.
सात महिने मी सगळं मोजत होतो,
बुश, गॅप, वॉशर, पैसे.
जिना मोजला नाही.

पुन्हा चाकं काढली. हँडल काढलं.
पाठारे काकांनी भाजलेल्या हाताने मडगार्ड धरलं,
वरचा कॉलेजचा पोरगा इंजिनाखाली वाकला,
आणि तुळस परत तिच्या जागी गेली
आम्ही खाली पोचायच्या आत.

वहीत उरले चाळीस. चाळीसचं पेट्रोल.
वैजयंता मागे बसली, एका बाजूला पाय सोडून.
हॅरिस पुलावर वारा लागला,
तिने माझ्या कानात काहीतरी सांगितलं,
इंजिनात ऐकू आलं नाही.
पुलाच्या पलीकडच्या टोकाला गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.
कॉक गळत होता. मागे रस्त्यावर
थेंबांची ओळ, दापोडीपर्यंत असणार.

मी उतरलो. ती उतरली नाही.
अगं, ढकलायचीय.
ढकल की, म्हणाली,
सीट माझी आहे.