नदीचा थेंब

तार्तूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मारिका पडद्यावर एक वर्तुळ कापते,
कडा काळी, किंचित धुरकट,
आणि आत सोडते चार हजार कण.

कण शहाण्यासारखे वाहतात.
हीच तर अडचण.

प्रयोगशाळेतले हेल्दुर, चाळीस वर्षं
एक डोळा मिटून जगलेला माणूस,
कोट न काढताच म्हणतात,
"फार स्वच्छ झालंय, पोरी.
खऱ्या थेंबात कुणी रांगेनं चालत नाही."

मग ती वेग मोडते. धक्के देते, बारीक, बिनदिशेचे.
काहींना फोकसबाहेर ढकलते.
एक हवेचा बुडबुडा, जाड काठाचा,
आणि स्वतःच्या पापणीचा केस
स्कॅन करून, तिरका.

हेल्दुर वाकतात.
त्यांची बोटं टेबलाच्या कडेला
नसलेला स्क्रू फिरवू लागतात.

"हा डावीकडचा. कुठे निघालाय?"

मारिका सांगत नाही
की तो एक आकडा आहे,
सत्तावीस या बीजातून उगवलेला.
खाली एमायोगी नदी काठाकडून गोठत येते.
फाइल अजून साठवलेली नाही.
दोघंही उभेच.