तीन किलो

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर,
काही खायच्या आधी,
अंगावर तेवढा पातळ झगा ठेवून
काट्यावर उभं राहायचं.
आकडा वहीत लिहायचा.
दोन दिवसांत दोन किलो वाढले तर मला फोन.

एवढंच सांगितलं होतं मी
आवेइरूच्या मिठागरांमागे, निळ्या दाराच्या घरात,
आणि देओलिंदा हसली होती:
"पोरी, जन्मभर वजन उचललं,
आता मोजायचं होय?"

डोक्यावर टोपली, टोपलीत ओलं मीठ,
फळीवरून अनवाणी होडीपर्यंत.
आर्मिंदो मीठ ओढायचा, ती वाहायची.
आता दोघांच्या ताटात अळणी बटाटे, अळणी सूप,
आणि नाताळचा खारवलेला कॉड
तीन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलून बदलून,
शेवटी शेजाऱ्यांच्या मांजराला.

आजाराचं नाव एक, आजार दोन.
त्याचं हृदय जुन्या मोज्यासारखं सैल,
आवळायला गेलं की घसरतं.
तिचं आवळतं चोख,
पण मोकळं व्हायचं विसरलंय.
बायकांत असं जास्त दिसतं, डॉक्टर सेर्केइरा म्हणतात,
आणि पुढचा पेशंट बोलावतात.

वहीच्या पानावर मधोमध रेघ.
डावीकडे तो: अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, साडेत्र्याहत्तर.
उजवीकडे ती: एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी.
तिला मी टोचून बोलायचे.
त्याला शाबासकी द्यायचे.
कॉफीच्या टपरीवर लोक त्याला म्हणायचे,
"आर्मिंदो, पोट उतरलं, तरुण दिसतोस!"
आणि तो पट्ट्याला नवं भोक पाडल्याचं
उठून दाखवायचा.

त्या पट्ट्याची चौथी खूण बघितली तेव्हा
माझ्या पोटात गोळा आला.
मांस झिजत होतं, पायांत पाणी भरत होतं,
आणि काटा बिचारा
दोन्हींची बेरीज खरी समजून सांगत होता.

डॉक्टरांनी मग कागद काढले.
या दुखण्यात जाडी माणसं कधी कधी जास्त तगतात,
का, ते नक्की कुणी सांगत नाही.
पुरुषांच्या रकान्यातलं बायकांच्या रकान्याला
सरळ लागूही पडत नाही.
"मग देओलिंदाला काय सांगू?
वजन उतरव म्हणू, की राहू दे म्हणू?"
त्यांनी चष्मा पुसला.
"मीठ कमी," म्हणाले. "तेवढं सांग."

आर्मिंदो फेब्रुवारीत गेला, चौसष्ट किलोचा.
शवपेटी उचलणाऱ्या चौघांनी
एकमेकांकडे पाहिलं.
मी मान खाली घातली.

तिनं रेघ मारणं सोडलं नाही.
उजवीकडे आकडा, डावीकडे कोरा कागद,
रोज, सात महिने.

सप्टेंबरात सकाळी फोन.
"तीन किलो वाढले. काल रात्रीपासून."
मी सायकल तशीच भिंतीला टाकून वर धावले.
घोट्यांवर अंगठा दाबला: खड्डा नाही.
पाठीला स्टेथोस्कोप: फुप्फुसं कोरडी.
"पुन्हा उभी राहा बघू."

ती पावाच्या डब्यामागे गेली,
कापडी पिशवी काढली,
लेकरू घ्यावं तशी छातीशी धरली,
आणि काट्यावर चढली.

"शेवटच्या हंगामाचं. त्याच्या हातचं.
खायचं नाही म्हणालीस.
धरायचं नाही असं कुठं म्हणालीस?"

रागवायला मी तोंड उघडलं.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणतात माणसं;
ही न खाल्लेल्याला जागत होती.

"मापात पाप नको," एवढंच म्हटलं,
पिशवी उतरवायला लावली, आकडा घेतला:
ब्याऐंशी पूर्णांक चार.
उजवीकडे लिहिला.

पेन मिटत होते,
तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं
आणि डावीकडच्या कोऱ्या जागेत,
तारखेसमोर,
जाड अक्षरात लिहिलं:
तीन.