दोनशे केबीच्या आत

रावपुऱ्यात टॉवरच्या मागे माझं दुकान:
झेरॉक्स, स्कॅन, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
दुपारी फणसेबाई आल्या.
पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात मलमल,
मलमलीत एक कागद. मोडी.
पणजोबा बडोद्याच्या पागेत होते म्हणाल्या, घोड्यांकडे.

स्कॅन केला. चौसष्ट एमबी.
"एका पानाचं एवढं?"
यंत्र वाचत नाही ना, बाई,
त्याला शाई आणि डाग सारखेच,
कोऱ्या जागेचाही ठिपका न् ठिपका मोजून घेतं.

पोर्टलला हवं दोनशे केबीच्या आत.
मग जेपीजी.
आता मोजणं संपलं, अंदाज सुरू:
इथून इथवर पिवळं, पुढे सदर, सदर,
जुन्या जमाखर्चात कारकून लिहीत तसं.
एकशे नव्वद. बसलं.
कोपऱ्यात कुणाच्या तेलकट अंगठ्याचा ठसा होता,
त्याच्या रेघा धुक्यात गेल्या.

"मग परत मोठं करा की."
केलं. पीएनजी. दीड एमबी.
बाई खूश झाल्या,
आणि मला सांगावं लागलं
की डबा तेवढा मोठा घेतलाय,
आत धुकंच आहे, नीट घडी घालून ठेवलेलं.

मांडवीचे हुजूरबाजारे मोडी वाचतात, पानाला अडीचशे.
चार दिवसांनी त्यांनी देवनागरीत टाइप करून पाठवलं.
अख्खं पत्र, तीन केबी!
हस्ताक्षर तेवढं राहिलं मागे.
एका ओळीखाली लाल रेघ:
सूत पाठवणे.

फोनवर म्हणाले, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत,
लिहिणाऱ्यानं घाईत ते तेव्हाच सोडलंय.
खोगीर शिवायला सूत मागितलं
की सुत, मुलगा, पाठवा म्हणाला
ते आता कुठल्याच फाइलीत नाही.
मी म्हटलं, पत्रात मुलाला सुत कोण लिहितं?
म्हणाले, म्हणून तर दीर्घ केलंय. पण रेघ राहू दे.

बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या.
मागे एक पोरगा आधार कार्डानं वारा घेत उभा.
"आजोबा नऊ वर्षांचे असताना इथे आले," बाई म्हणाल्या,
"एकटे. कुणाच्या तरी बैलगाडीतून.
कशाला बोलावलं, त्यांना कधी कळलं नाही."

पेनड्राइव्हवर चारही फाइली टाकल्या. साठ रुपये.
कागद त्यांनी परत मलमलीत गुंडाळला.
कडेचा एक धागा सुटून लोंबत होता.
मी कात्री पुढे केली.
त्यांनी तो बोटाला एकदा गुंडाळला
आणि आत खोचला.